पट्टी घेऊन बसा: गेमिंग माउस पहिल्यांदा लावताना

नवा माउस हातात आला की पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण चाकामागचं छोटं बटण दाबत बसतात. दिवा लाल, मग निळा, मग हिरवा. कर्सर दर वेळी आधीपेक्षा चपळ. जो वेग बघायला भारी वाटतो तो ठेवून गेम उघडला जातो, आणि तिथे नेम शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे सटकत राहतो. मग दोष माउसला दिला जातो, नाहीतर स्वतःच्या हाताला.

गेल्या दिवाळीत नाशिकला आत्येभावाकडे हेच पाहिलं. तो अकरावीत, वॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळायला लागून दोन महिने झालेले. माउस १६०० डीपीआयवर (हा माउसचा स्वतःचा वेग, सविस्तर पुढे येईल) आणि गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे गेमच्या बाजूचा वेग, १. मी त्याच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली, माउसची कड शून्याला लावली आणि त्याला उजवीकडे सरकवायला सांगितलं. आठ सेंटीमीटर झाले आणि गेममधलं पात्र स्वतःभोवती अख्खी गिरकी घेऊन परत होतं तिथे उभं. चार बोटांच्या रुंदीत ३६० अंश! लांबवरच्या डोक्यावर नेम धरायचा तर त्याला हात मिलिमीटरच्याही आत आवरावा लागत होता. दोन महिने तो पोरगा जे करायचा प्रयत्न करत होता ते कुणालाच जमलं नसतं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. सेन्सिटिव्हिटी ही सेंटीमीटरमध्ये मोजायची गोष्ट आहे, हे एकदा पटलं की सॉफ्टवेअरमधले बाकीचे पंधरा पर्याय आपापल्या जागी बसतात. हात जेवढा हलला तेवढाच नेम हलला पाहिजे, आज आणि उद्याही. सगळी सेटिंग्ज त्यासाठी.

लागेल काय: तीस सेंटीमीटरची पट्टी किंवा शिवणकामाची टेप, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि निवांत एक तास. उदाहरणं विंडोज आणि वॅलोरंटची घेतली आहेत, मध्ये काउंटर-स्ट्राइक २ येईल. नेमबाजीचा दुसरा कुठला गेम असला तरी रीत तीच.

आधी टेबलाकडे बघा

माउसच्या पोटात एक दिवा आणि एक बारीकसा कॅमेरा, म्हणजे सेन्सर, असतो. दिवा खालच्या पृष्ठभागावर उजेड टाकतो, कॅमेरा सेकंदाला हजारो फोटो काढतो, आणि एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला यावरून माउस किती हलला ते ठरतं. शाळेच्या संगणक कक्षातले गोळीवाले माउस ज्यांनी वापरले आहेत, गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडला आहे, त्यांना या कॅमेऱ्याची किंमत कळेल. मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर १९९९ मध्ये आला तेव्हापासून ती गोळी हळूहळू गेली.

कॅमेऱ्याला बघण्यासारखं काही नसेल तर तो चुकतो. काचेच्या टीपॉयवर बरेच माउस चालतच नाहीत. चकचकीत सनमायकावर चालतात, पण मध्येच उडी मारतात. म्हणून पहिला खर्च कापडी पॅडचा. माउस साधा असला तरी चालेल, पॅड हवाच.

पॅडची रुंदी मोजा. त्यातून माउसची रुंदी, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटर, वजा करा. उरली ती तुमच्या हाताची धाव. आत्येभावाच्या टेबलाला कीबोर्डसाठी बाहेर ओढायची फळी होती आणि तिच्यावर २४ सेंटीमीटरचं पॅड. धाव निघाली १८ सेंटीमीटर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावर आहे.

विंडोजची लुडबुड थांबवा

विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाचा पर्याय असतो. नावावरून वाटतं की अचूकता वाढेल. प्रत्यक्षात हा प्रवेग आहे: माउस हळू सरकवला तर कर्सर कमी जातो आणि तेवढंच अंतर झटक्यात सरकवलं तर जास्त जातो. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, याचं उत्तर दर वेळी वेगळं. ऑफिसच्या कामात ते सोयीचं पडत असेल, पण हाताला अंतर शिकवायचं असेल तर हा पर्याय वाटेत येतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जा, तिथे ‘माउस’. हा पर्याय तिथेच दिसेल, तो बंद करा. विंडोज १० मध्ये माउसच्या सेटिंग्जमधून ‘ॲडिशनल माउस ऑप्शन्स’वर टिचकी मारली की जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘पॉइंटर ऑप्शन्स’ या पानावर चौकटीतली खूण काढा आणि ‘अप्लाय’ दाबा.

त्याच पानावर वेगाची पट्टी आहे. जुन्या खिडकीत तिला अकरा खुणा असतात. डावीकडून सहावी, म्हणजे बरोबर मधली, ठेवा. विंडोज ११ च्या नव्या पानावर हीच जागा १० या आकड्याची. मधल्या खुणेवर माउसने कळवलेल्या हालचालीच्या एका पावलाला पडद्यावरचा एक पिक्सेल मिळतो. उजवीकडे नेलं की पिक्सेल गाळले जातात, डावीकडे नेलं की काही पावलं खाल्ली जातात.

हे करायलाच हवं का, असा प्रश्न रास्त आहे, कारण वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ माउसची माहिती थेट घेतात, विंडोजच्या वेगाची पट्टी त्यांना लागू होत नाही. तरीही करा. जुने बरेच गेम अजून विंडोजच्या कर्सरवरच चालतात, डोटासारख्या खेळात तर कर्सर हाच हात आहे. आणि पुढच्या पायरीचं मोजमाप यावाचून जमणार नाही.

प्रवेग मुद्दाम वापरणारे, त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर लावणारे चांगले खेळाडूही आहेत. पण ते अंतर पक्कं झाल्यानंतर तिकडे वळलेले असतात. सुरुवात तिथून करू नका.

डीपीआय म्हणजे काय, आणि तुमचा खरा किती

माउस एक इंच सरकल्यावर संगणकाला किती पावलं कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. ८०० डीपीआय म्हणजे २.५४ सेंटीमीटरला ८०० पावलं. ‘सीपीआय’ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, गोष्ट तीच, किंबहुना नाव जास्त बरोबर आहे. डीपीआय हा शब्द मुळात छपाईतला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला कमाल आकडा विसरून जा. १२०००, २५००० असे आकडे विक्रीसाठी असतात. स्वस्त माउसमध्ये तर बऱ्याचदा सेन्सर खरोखर एवढं बारीक बघतच नाही, मधली पावलं अंदाजाने भरून आकडा फुगवलेला असतो. मी कॉलेजात असताना दुकानातून असाच एक माउस आणला होता. वरच्या दोन टप्प्यांवर कर्सर थरथरायचा, आणि मी सहा महिने तो थरथराट हाताचा समजत होतो. म्हणून मोजून घ्या म्हणतो.

मोजायची रीत सोपी. पडद्याचं रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल तर कर्सर डाव्या कडेला नेऊन टेकवा. माउसला समांतर पट्टी ठेवा, माउसची कड शून्यावर. आता हळू, सरळ उजवीकडे सरकवा आणि कर्सर उजव्या कडेला टेकला त्या क्षणी थांबा. १९२० पावलांना किती सेंटीमीटर लागले ते वाचा. १२.२ लागले तर ४०० डीपीआय, ६.१ लागले तर ८००, ४.९ लागले तर १०००, ३ च्या आसपास लागले तर १६००. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. थोडा इकडेतिकडे फरक पडतोच, दोन सारख्या माउसमध्येही पडतो.

वेगळ्या पडद्यासाठी हिशोब असा: आडवे पिक्सेल भागिले सेंटीमीटर, गुणिले २.५४.

ज्यांच्या माउसला सॉफ्टवेअर आहे, लॉजिटेकचं जी हब किंवा रेझरचं सिनॅप्स, त्यांना आकडा तिथे दिसेल आणि बदलताही येईल. लॉजिटेक जी १०२ घेतला असेल तर २०० पासून ८००० पर्यंत हवा तो डीपीआय ठेवता येतो. सॉफ्टवेअर नसलेल्या माउसमध्ये बटणाने टप्पे बदलत जा आणि प्रत्येक टप्पा पट्टीने मोजा. दिव्याचा कुठला रंग म्हणजे किती, हे दहा मिनिटांत कळतं.

आता किती ठेवायचा? ८००. पुढे वाटलं तर १६०० करा, हरकत नाही. डीपीआय जास्त असला की हालचालीचं पहिलं पाऊल किंचित लवकर पोचतं, हे खरं आहे, पण नवख्याच्या खेळात त्याने काही बदलत नाही. ८०० चा फायदा वेगळा: डेस्कटॉपवरही बरा वाटतो, आणि बहुतेक माउसमध्ये हा टप्पा तयार असतो. दुसऱ्याच्या संगणकावर किंवा गेमिंग कॅफेत बसलात तरी तो सहज मिळेल.

आता गेममधला आकडा

ही खरी पायरी. इथे घाई नको.

गेममधली सेन्सिटिव्हिटी म्हणजे माउसच्या एका पावलाला नेम किती अंश वळेल ते ठरवणारा गुणक. वॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना एका पावलाला ०.०७ अंश. काउंटर-स्ट्राइकमध्ये ०.०२२ अंश. म्हणजे दोन गेममधले आकडे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. मित्राने सांगितलं ‘मी १.१ वर खेळतो’, तर आधी विचारा कुठला गेम आणि डीपीआय किती. या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी यांचा गुणाकार केला की जो आकडा येतो त्याला खेळणारे ‘ईडीपीआय’ म्हणतात. ४०० डीपीआय आणि ०.७ घ्या, ८०० आणि ०.३५ घ्या, १६०० आणि ०.१७५ घ्या: तिन्हींचा गुणाकार २८०, आणि तिन्हींत हाताला सारखंच अंतर कापावं लागतं. हे समजलं की ‘तो चारशेवर खेळतो म्हणून चांगला खेळतो’ यासारख्या गप्पांतून सुटका होते.

अख्ख्या गिरकीला किती सेंटीमीटर लागतील, ते काढायला मी आयते आकडे करून ठेवले आहेत. वॅलोरंटसाठी १३०६३ ला ईडीपीआयने भागा. काउंटर-स्ट्राइकसाठी ४१५६४ ला भागा. आलेलं उत्तर सेंटीमीटरमध्ये. आत्येभावाचा ईडीपीआय होता १६००, म्हणून १३०६३ भागिले १६००, म्हणजे ८.२. पट्टीवर दिसलं होतं तेच.

वॅलोरंटमधले बहुतेक व्यावसायिक खेळाडू २०० ते ४०० ईडीपीआयच्या पट्ट्यात असतात, म्हणजे एका गिरकीला साधारण ३३ ते ६५ सेंटीमीटर. वाचून धक्का बसेल. अर्धा मीटर हात हलवायचा? हो, मनगट टेकवून बोटांनी नाही, कोपरापासून हलवायचा. मोठी वळणं कोपराने आणि शेवटची बारीक दुरुस्ती मनगटाने, अशी ती वाटणी असते.

पण कुणाचा आकडा उचलून आपल्याकडे बसवू नका. त्यांच्याकडे अर्ध्या टेबलाएवढं पॅड असतं. तुमचा आकडा तुमच्या धावेवरून काढा. पॅडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात नेला की पात्र निदान मागे वळलं पाहिजे, म्हणजे १८० अंश. पाठीमागून पावलांचा आवाज आला आणि माउस दोनदा उचलावा लागला, तर तेवढ्यात खेळ संपतो. तर मग धाव गुणिले २, एवढे सेंटीमीटर ही तुमच्या गिरकीची वरची मर्यादा.

आत्येभावाची धाव १८, म्हणजे मर्यादा ३६ सेंटीमीटर. १३०६३ भागिले ३६ म्हणजे ३६३. डीपीआय ८००, तर सेन्सिटिव्हिटी ०.४५. टाकली.

आता खात्री करा. वॅलोरंटच्या सराव मैदानात जा, काउंटर-स्ट्राइकमध्ये रिकामा नकाशा उघडा. भिंतीच्या कोपऱ्यावर किंवा खांबाच्या कडेवर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, ठेवा. टेप पॅडवर अंथरा, माउसची कड शून्यावर, आणि तोच कोपरा परत क्रॉसहेअरखाली येईपर्यंत सरकवा. पॅड अपुरं पडलं तर अर्धी गिरकी मोजून दुप्पट करा. हिशोबापेक्षा मोठा फरक आला, समजा ३६ च्या जागी २५ आले, तर कुठेतरी गफलत आहे: डीपीआयचा टप्पा चुकून बदलला असेल, किंवा गेम विंडोजच्या कर्सरवर चालणारा आणि प्रवेग चालूच राहिला असेल. मागे जाऊन तपासा.

वॅलोरंटमधून काउंटर-स्ट्राइककडे जाताना सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने गुणा, उलट येताना भागा. ०.३५ चं १.११ होतं, आणि हाताला दोन्हीकडे ४७ सेंटीमीटरच्या आसपास अंतर पडतं. दुर्बिणीतून बघतानाच्या सेन्सिटिव्हिटीचा वेगळा गुणक असतो, तो सध्या १ राहू द्या.

पहिला दिवस वाईट जाणार. इतके दिवस हात मिलिमीटरात कसरत करत होता, त्याला अचानक मोकळं रान मिळालंय. आत्येभाऊ पहिल्या तासाभरात म्हणाला, “दादा, हे चिखलात चालल्यासारखं वाटतंय.” मी त्याला शत्रूंवर नेम धरू दिलाच नाही. मैदानात भिंतीच्या आडव्या कडेवर क्रॉसहेअर ठेवून ती रेघ न सोडता डावीकडून उजवीकडे न्यायला लावली, मग दोन खांबांमध्ये उड्या मारायला. पंधरा मिनिटं रोज, एवढंच.

पोलिंग रेट: एकदा लावा आणि विसरा

माउस सेकंदाला किती वेळा संगणकाशी बोलतो, तो पोलिंग रेट. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, ५०० म्हणजे दर २, १००० म्हणजे दर १. साध्या ऑफिस माउसचा १२५ असतो आणि तिथून १००० वर आलं की कर्सर खरंच गुळगुळीत वाटतो. १००० ठेवा.

आता ४००० आणि ८००० हर्ट्झचे माउस मिळतात. ८००० म्हणजे ०.१२५ मिलिसेकंद. हिशोब करून बघा: १००० वरून ८००० वर गेल्याने एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वाचतं, आणि पुण्या-नाशिकहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचं पिंग, म्हणजे माहिती जाऊन यायला लागणारा वेळ, त्याच्या कितीतरी पट असतं. बदल्यात प्रोसेसरवर ताण पडतो, जुन्या संगणकावर गेम अडखळू शकतो, बिनतारी माउसची बॅटरी भराभर उतरते. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याने तर त्या पैशांत मॉनिटर बदलावा. असा माउस आधीच घेतला असेल आणि वॅलोरंट खेळत असाल, तर गेममधला ‘रॉ इनपुट बफर’ हा पर्याय चालू करा. तो अशाच माउससाठी आहे.

बिनतारी माउसबद्दल दोन गोष्टी. गेम खेळताना ब्लूटूथ नको, सोबत आलेला यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल वापरा. आणि तो सीपीयूच्या मागच्या बाजूला यूएसबी ३ च्या पोर्टांच्या दाटीत खुपसू नका. त्या पोर्टांचा २.४ गिगाहर्ट्झवर त्रास होतो आणि कर्सर मध्येच अडतो. एक्स्टेन्शन वायरने डोंगल पॅडच्या जवळ आणून ठेवा. माउस खराब म्हणून परत पाठवण्याआधी हे नक्की करून बघा.

माउस उचलताना

सेन्सिटिव्हिटी कमी केली की माउस सारखा उचलून मध्यावर आणावा लागतो, आणि आधी कधीच न जाणवलेली एक गोष्ट इथे बोचायला लागते. माउस हवेत असतानाही थोड्या उंचीपर्यंत सेन्सर बघतच असतो. ती उंची जास्त असेल तर प्रत्येक उचल-ठेवीत नेम थोडा सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘लिफ्ट-ऑफ डिस्टन्स’ म्हणतात. बहुधा १ आणि २ मिलिमीटर असे पर्याय असतात, १ निवडा.

सॉफ्टवेअर नसेल तर निदान आपला माउस कसा वागतो ते तपासा. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. एक कार्ड माउसच्या पुढच्या कडेखाली आणि एक मागच्या कडेखाली सरकवा, मधल्या सेन्सरखाली पॅड उघडं राहू द्या. कर्सर हलतो? मग दोन्हीकडे दोन-दोन कार्डं ठेवा, म्हणजे उंची दीड मिलिमीटर. इथे कर्सर मेला तर उत्तम. तीन-तीन कार्डांवरही चालत असेल, तर उचलताना माउस सरळ वर घ्यायची सवय लावा, तिरका नको.

एक मिलिमीटरवर ठेवल्यावर खेळतानाच कर्सर तुटायला लागला, तर पॅड मऊ आहे आणि दाबलं जातंय, किंवा सेन्सरच्या भोकात केस अडकलाय. केस चिमट्याने काढा, फुंकर मारू नका.

बाकीची सेटिंग्ज

‘अँगल स्नॅपिंग’ तिरकी रेघ सरळ करून देतं. हाताने केलेली बारीक दुरुस्ती ते खाऊन टाकतं, म्हणून बंद. ‘रिपल कंट्रोल’ थरथर पुसतं आणि त्यासाठी वेळ घेतं. ८०० डीपीआयवर त्याची गरजच नसते, बंद. ‘मोशन सिंक’ दिसलं तर चालू किंवा बंद, काहीही ठेवा, फरक मिलिसेकंदापेक्षाही लहान आहे.

‘डिबाउन्स’कडे मात्र लक्ष द्या. बटणाखाली धातूची छोटी पट्टी असते. ती टेकताना सूक्ष्मपणे उसळते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जाऊ शकतात. म्हणून माउस पहिल्या दाबानंतर काही मिलिसेकंद थांबून पुढचा मोजतो. हा आकडा कमी केला की क्लिक किंचित जलद, पण खोटे डबल-क्लिक व्हायचा धोका. माउस दोन वर्षं जुना झाला, एका क्लिकला फाइल उघडायला लागली, ओढून आणलेली गोष्ट मध्येच सुटायला लागली, की हा आकडा दोन-चार मिलिसेकंदांनी वाढवून बघा. नवा माउस घ्यायचं काही महिने तरी लांबतं. प्रकाशावर चालणारे स्विच असलेल्या माउसमध्ये ही उसळीच नसते.

चाकामागचं डीपीआय बटण निकामी करून टाका. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘डिसेबल’ करा, किंवा सगळे टप्पे काढून एकच ८०० चा ठेवा. ऐन मोक्याला बोट लागून डीपीआय बदलणं यापेक्षा वाईट काही नाही. अंगठ्याजवळच्या दोन बटणांना रोज लागणारी कामं द्या. मी एकावर माइक चालू करायचं आणि दुसऱ्यावर चाकू काढायचं ठेवतो. नेम सांभाळणारे किंवा बंदुकीचा झटका आपोआप खाली ओढणारे मॅक्रो, म्हणजे बटणावर बांधून ठेवलेल्या तयार हालचाली, लावू नका. स्पर्धात्मक गेममध्ये ती फसवणूक धरली जाते आणि खातं बंद होऊ शकतं.

माउसमध्ये स्वतःची मेमरी असेल तर सगळं झाल्यावर सेटिंग्ज तिच्यात साठवा. मग माउस दुसऱ्या संगणकाला जोडला, सॉफ्टवेअर नसलं, तरी ८०० म्हणजे ८००. लिनक्स वापरत असाल तर प्रवेगाचा प्रकार ‘फ्लॅट’ ठेवा, बऱ्याच माउसची सेटिंग्ज पायपर नावाच्या ॲपमधून बदलता येतात.

दोन आठवडे हात लावू नका

सगळ्यात अवघड पायरी हीच. एक सामना हरलो की सेटिंग्जमध्ये जावंसं वाटतं. मी सुरुवातीचं जवळजवळ एक वर्ष असंच घालवलं: सोमवारी एका खेळाडूचा आकडा, शुक्रवारी दुसऱ्याचा. हाताला कुठलंच अंतर पाठ झालं नाही. चौदा दिवस आकडा तोच ठेवा, फक्त रोजच्या सरावानंतर कागदावर एक ओळ लिहा: नेम लक्ष्याच्या पुढे जातोय की अलीकडे अडतोय.

चौदा दिवसांनी कागद बघा. बहुतेक ओळींत ‘पुढे’ असेल तर सेन्सिटिव्हिटी दहा टक्क्यांनी कमी करा, ‘अलीकडे’ असेल तर दहा टक्क्यांनी वाढवा. दोन्ही सारखे असतील तर आकडा बरोबर आहे, कमी पडतोय तो सराव. बदल केला तर पुन्हा चौदा दिवस. मनगट दुखायला लागलं तर मात्र चौदा दिवसांची वाट बघायची नाही: खुर्चीची उंची बघा, कोपर टेबलाच्या पातळीला आणा, आणि दर तासाला उठा.

आत्येभावाच्या कागदावर ‘पुढे’ नऊ वेळा होतं. त्याने कीबोर्डची फळी आत ढकलून दिली, माउस वरच्या टेबलावर घेतला, ४० सेंटीमीटरचं पॅड आणलं आणि ०.४५ चं ०.४१ केलं. आता गिरकीला ४० सेंटीमीटर लागतात. माउसच्या पोटाला, सेन्सरपासून दूर, त्याने कागदाची चिकटपट्टी लावून तीन आकडे लिहून ठेवलेत: ८००, ०.४१, ४०. तुम्हीही लावा. माउस बदलेल, गेम बदलेल, पहिले दोन आकडे पुन्हा काढावे लागतील. तिसरा तसाच ठेवा आणि टेप घेऊन नवे दोन त्याच्यावरून जुळवा.